दगडांचे सोवळे

नोव्हेंबर 2024 मध्ये रोमच्या कोलोसियमवरून एक भांडण पेटले. कोलोसियमचा कारभार पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने एअरबीएनबी या कंपनीशी करार केला होता. कंपनीने 15 लाख डॉलर द्यायचे आणि त्या बदल्यात निवडक 16 जणांना रात्री आत नेऊन, चिलखत-शिरस्त्राण चढवून, ग्लॅडिएटरांची लुटुपुटुची लढाई खेळू द्यायची. खुद्द रोमच्या नगरपालिकेतून विरोध सुरू झाला आणि टीकेची झोड उठली. टीका रास्त होती. पण त्या गदारोळाच्या आडून एक जुने मत पुन्हा पुढे सरकले : अशा वास्तूंमध्ये मुळात काही होऊच नये. ऑपेरा नको, सिनेमा नको, मैफल नको, मेळा नको. तिकीट काढावे, बघावे, निमूट बाहेर पडावे. दोन हजार वर्षे सोसलेल्या दगडांना आता तरी स्वस्थ राहू द्यावे.

हे मत मांडणारी माणसे उथळ नसतात. बहुधा ती वाचलेली, हिंडलेली, जुन्या बांधकामांवर खरा जीव असलेली असतात, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे कोणी खोडायला जात नाही. मला ते खोडायचे आहे. रोमन अँफिथिएटरांचा आजच्या शहरांनी चालू ठेवलेला वापर हा त्या वास्तूंवरचा अत्याचार नाही. त्यांतल्या ज्या धडधाकट उभ्या आहेत त्या बव्हंशी कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत राहिल्या म्हणून उभ्या आहेत. आणि ज्या निर्मळ, रिकाम्या अवशेषाला ही मंडळी हात जोडतात तो अवशेष प्राचीन नाहीच. तो अलीकडे, आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळात, मुद्दाम तयार केलेला आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेतल्या नीम शहराचे उदाहरण घ्या. तिथले अँफिथिएटर इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचे. लांबी 133 मीटर, रुंदी 101 मीटर, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर 60 कमानी. रोमन नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असते आणि समोर रंगमंच असतो. इथे तसे नाही, चहूबाजूंनी पायऱ्या आणि मधोमध लंबवर्तुळाकार रिंगण. रोमची सत्ता ओसरल्यावर तिथे आलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांनी त्याची गढी केली. कमानी बुजवल्या की आयताच कोट. मध्ययुगात तिथे सरदार राहिले, सरदार गेल्यावर साधी माणसे आली. भर वस्तीच्या काळात त्या लंबवर्तुळाच्या आत 700 जण नांदत होते. कमानीत भिंत घालून खोली, पायऱ्यांच्या उतारावर छप्पर, रिंगणात गल्ल्या आणि प्रार्थनेसाठी दोन छोटी चर्च. बाळंतपणे, लग्ने, भांडणे, मयते, सगळे त्याच भिंतींच्या आत. ग्लॅडिएटरांचे खेळ तिथे जितकी वर्षे चालले असतील त्याहून कितीतरी अधिक वर्षे तिथे चुली पेटल्या.

1786 मध्ये ही वस्ती हटवण्याचे काम सुरू झाले आणि 19 व्या शतकाच्या सुरुवातीला अँफिथिएटर 'मोकळे' झाले. शेजारच्या आर्लमध्येही तेच घडले. तिथल्या 136 मीटर लांबीच्या अँफिथिएटरात 200 हून अधिक घरे होती, प्रार्थनास्थळे होती, भिंतीवर चार टेहळणी बुरूज चढवलेले होते. म्हणजे ते एक तटबंदीचे गावच होते. 1820 च्या दशकात घरे ताब्यात घेऊन उतरवायला सुरुवात झाली. बुरूज तेवढे तीन राहिले. आज आर्लला जाणारा पर्यटक त्यांतल्या एकावर चढतो तेव्हा पायाखाली मध्ययुगाचा चिरा असतो आणि नजरेखाली रोमन कमानींचे कडे. बाकीचे मध्ययुग कुदळीने गेले.

तर ही ती 'मूळ रूपातली' वास्तू. तिच्यातले बारा-तेराशे वर्षांचे आयुष्य खरवडून काढले, लोकांना बाहेर घातले, आणि जे उरले त्याला आपण 'काळाने जसे ठेवले तसे' म्हणतो. काळाने ते तसे ठेवलेले नाही. ते एका विशिष्ट पिढीने, तिच्या आवडीनुसार ठेवले आहे. रोमन तेवढे थोर आणि मधले सगळे उकिरडा, ही ती आवड. गंमत अशी की ज्यांनी हे रिकामे केले त्यांनाही रिकामेपण नकोच होते. आर्लमध्ये घरे पुरती उतरलीही नव्हती तोवर, 1830 मध्ये, फ्रेंच सैन्याने अल्जिअर्स जिंकल्याच्या आनंदात तिथे बैलांचा खेळ झाला. रिकाम्या अँफिथिएटराकडे हात बांधून बघत राहायचे, ही कल्पना त्या काळच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. ती आपली आहे.

कोलोसियमची गोष्ट याहून बोलकी. 1855 मध्ये रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोलोसियमच्या भिंतींवर आणि पायऱ्यांत उगवणाऱ्या वनस्पतींवर एक पुस्तकच काढले, त्यात 420 जाती नोंदल्या. त्या काळी कोलोसियम म्हणजे एक उंच, पडकी, हिरवी बाग होती. मधल्या रिंगणात माती होती, एक क्रूस होता, कडेने येशूच्या अखेरच्या वाटचालीचे टप्पे दाखवणाऱ्या छत्र्या होत्या आणि भाविक तिथे प्रार्थनेला जमत. 1870 नंतर इटलीच्या नव्या राज्याने झाडोरा उपटला आणि 1874 मध्ये खोदकामासाठी क्रूस आणि छत्र्या हलवल्या. भाविक चिडले, पण कोण ऐकतो? रिंगणाखालचे तळघर उकरायला सुरुवात झाली आणि ते पूर्ण उघडे पडायला 1930 चे दशक उजाडले.

आज कोलोसियमचे कोणतेही छायाचित्र घ्या. मधोमध भिंतींचा तो चक्रव्यूह दिसतो. लोकांच्या मनातले कोलोसियम तेच आहे. आणि तसे कोलोसियम एकाही रोमन प्रेक्षकाने पाहिलेले नाही! त्याच्यासमोर लाकडी तक्तपोशी होती आणि तिच्यावर वाळू. जनावरांचे पिंजरे, उचलण्या, गुलामांच्या धावपळीच्या बोळी हे सगळे त्याच्यापासून झाकलेलेच राहावे अशीच तर रचना होती. 2014 मध्ये दानिएले मानाकोर्दा या पुरातत्त्वज्ञाने साधी सूचना केली : रिंगणाची जमीन परत घाला, तळघरावर ऊन-पाऊस पडायचा थांबेल आणि कोलोसियमला त्याचा मधला भाग परत मिळेल. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री दारिओ फ्रांचेस्किनी यांनी ती उचलून धरली. 2021 मध्ये सरकत्या फळ्यांच्या जमिनीचा आराखडाही निवडला गेला, 1 कोटी 85 लाख युरोंच्या योजनेसाठी. त्याला विरोध करणाऱ्यांचा सूर होता की यामुळे वास्तूचे तमाशाच्या मंचात रूपांतर होईल. अहो, ती दुसरे काय होती? कोलोसियम बांधले ते तमाशासाठीच. त्याचे हे उघडे पोट पवित्र मानायचे आणि त्यावरचे झाकण म्हणजे भ्रष्टाचार, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही.

आता दुसरी बाजू. वापर थांबला तेव्हा काय झाले, हेही कोलोसियमच सांगते. 14 व्या शतकातल्या भूकंपात त्याच्या बाहेरच्या कड्याचा दक्षिणेकडचा भाग कोसळला. तोवर त्यात गढ्या, घरे, दुकाने असे काही ना काही होते. नंतर ते मुख्यत: खाण म्हणून उपयोगी ठरले. 1452 च्या सुमारास एकाच कंत्राटदाराने काही महिन्यांत अडीच हजारांहून अधिक गाड्या भरून दगड वाहून नेला. कोलोसियमचा दगड रोमच्या राजवाड्यांत गेला, सेंट पीटरच्या बांधकामात गेला. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चालले होते त्यांना त्यात वावगे वाटले नाही, कारण ती कोणाचीच जागा नव्हती. पोप सिक्स्टस पाचवे यांना तिथे लोकरीचा कारखाना काढायचा होता. ते 1590 मध्ये वारले आणि बेत बारगळला. मला कित्येकदा वाटते, कारखाना झाला असता तर त्या भिंती कदाचित अधिक शाबूत राहिल्या असत्या. गिरणीमालक आपल्या गिरणीच्या भिंती विकत नाही.

दगडांची ही लूट अखेर थांबली ती 18 व्या शतकाच्या मध्यावर, पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ही जागा ख्रिस्ती हुतात्म्यांची म्हणून अर्पण केल्यावर. कोलोसियममध्येच ख्रिस्ती माणसांना श्वापदांपुढे टाकले गेले याचा थेट पुरावा फार तोकडा आहे, हे इतिहासकार सांगतात. पण श्रद्धेने तिथे प्रार्थना सुरू झाली, माणसे जायला लागली, जागेला धनी मिळाला. एका अर्धवट आख्यायिकेने जे केले ते रोमच्या सगळ्या विद्वत्तेला जमले नव्हते.

व्हेरोनात उलटे घडले. तिथले अँफिथिएटर (गावात त्याला नुसते अरीना म्हणतात) पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातले, कोलोसियमच्या आधीचे. 1117 च्या भूकंपात त्याचे बाहेरचे कडे पडले. त्यातल्या चार कमानींचा एक उंच तुकडा तेवढा आज उभा आहे, त्याला 'आला' म्हणजे पंख म्हणतात. पडलेला दगड गावाने वापरला, यात व्हेरोनाकर रोमकरांहून साधुसंत नव्हते. पण 72 कमानींचे आतले कडे आणि पायऱ्यांचा कटोरा त्यांनी मोडला नाही, कारण तो लागत होता. जत्रांना लागत होता, भालाईतांच्या सामन्यांना लागत होता, बड्या पाहुण्यांच्या स्वागताला लागत होता. 16 सप्टेंबर 1786 ला जर्मन कवी गटे तिथे पोचला. प्राचीन काळाची पहिली मोठी वास्तू तो पाहत होता, आणि पायऱ्यांच्या कडेकडेने फिरताना त्याला चमत्कारिकच वाटले : काहीतरी प्रचंड पाहतो आहोत आणि तरीही जणू काही पाहतच नाही आहोत. त्याने कारणही लगेच नोंदवले. ही वास्तू रिकामी पाहायची नाही, माणसांनी भरलेली पाहायची. नुकतेच सम्राट जोसेफ आणि पोप पायस सहावे येऊन गेले तेव्हा ती तशी भरली होती. पुढे त्याचा खरा मुद्दा येतो. अँफिथिएटराची रचनाच अशी की गर्दीला स्वत:चे दर्शन व्हावे. एरवी विस्कळीत, सैरावैरा असलेला जमाव इथे एका आकारात बसतो आणि समोरच्या पायऱ्यांवर स्वत:लाच पाहून थक्क होतो. 

गटे दगडांची हेळसांड करणारा माणूस नव्हता. त्याला जे दिसले ते आजच्या सोवळ्या रसिकाला दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. अँफिथिएटराची भिंत, कमान, जिना हे सगळे साधन आहे. वास्तूचा खरा आशय पायऱ्यांवर बसलेली माणसे आहेत. ती वजा केली की उरतो तो सांगाडा. सांगाड्याचाही अभ्यास करावा, जरूर करावा. पण देह चालता-बोलता असताना सांगाड्यासाठी हट्ट कशाला?

10 ऑगस्ट 1913 ला संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त व्हेरोनाच्या अरीनात त्याचा 'आयदा' हा ऑपेरा झाला. जोवान्नी झेनातेल्लो या टेनर गायकाच्या पुढाकाराने. तेव्हापासून महायुद्धांचा खंड सोडला तर उन्हाळ्यातला ऑपेरा इथे सुरूच आहे. गायिका मारिया कालासने इटलीत पदार्पण केले ते याच रिंगणात, 1947 मध्ये. मोसमात दिवसा पियात्सा ब्रा या बाहेरच्या चौकात गेलात तर तिथे स्फिंक्स आणि इजिप्तचे खांब वाटेवर पडलेले दिसतात. आज रात्री दुसरा ऑपेरा असेल तर 'आयदा'चे नेपथ्य ठेवायला आत जागा नसते, म्हणून क्रेनने उचलून ते बाहेर मांडून ठेवतात. मुले त्यांच्या सावलीत आइस्क्रीम खातात. संध्याकाळी स्वस्त तिकीटवाले लवकर येऊन दगडी पायऱ्यांवर जागा धरतात. ऊन खाल्लेला दगड खालून भाजत असतो, म्हणून भाड्याची उशी घ्यायची. अंधार पडला की पायऱ्यांवर छोट्या मेणबत्त्या लावायची जुनी रीत आहे. मध्येच पावसाचे चार थेंब पडले की सगळ्यांत आधी व्हायोलिनवाले आपापली वाद्ये उराशी धरून पळतात आणि मग हजारो माणसे आभाळाकडे बघत बसतात. प्रयोग एकदा सुरू झालेला असला की पैसे परत नाहीत, त्यामुळे ही प्रतीक्षा फार मनापासून चालते. आपल्या गावातल्या कुठल्याही संरक्षित वास्तूत एवढी आस्था घेऊन लोक बसलेले मला दाखवा.

मग वापराने काहीच बिघडत नाही असे माझे म्हणणे आहे का? नाही. आक्षेपकांच्या हातात खरे पुरावे आहेत आणि ते झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. याच व्हेरोनात नाताळच्या दिवसांत अरीनाच्या आतून झेपावून बाहेरच्या चौकात उतरणारा एक अवाढव्य पोलादी तारा 1984 पासून उभारला जात असे. जानेवारी 2023 मध्ये तो उतरवताना त्याचा भाग पायऱ्यांवर कोसळला आणि दगड फुटले. ट्युनिशियातल्या एल जेमचे तिसऱ्या शतकातले अँफिथिएटर, 148 मीटर लांबीचे, 35,000 माणसांचे. त्याच्या एका बाजूला जे मोठे भगदाड आहे ते भूकंपाचे नाही. बंडखोर आत दडून लढत होते म्हणून 17 व्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन अमलात ती बाजू फोडली गेली. किल्ला म्हणून वापरले नसते तर ती बाजू आज उभी असती, हे मान्य.

पण या पुराव्यांतून निष्कर्ष काय निघतो ते पाहा. रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहात (ते अँफिथिएटर नव्हे, पण प्रश्न तोच) 1937 पासून उन्हाळ्यात ऑपेरा होई. मंच थेट अवशेषांना खेटून. त्यांना इजा होते असे दिसल्यावर 1993 नंतर प्रयोग बंद झाले. 2001 मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मंच अवशेषांपासून सोडवून पुढे मोकळ्या जागेत आणला होता, अवशेष मागे पडद्यासारखे राहिले. इजा झाली, थांबवले, विचार केला, बदलले, पुन्हा सुरू केले. शहाणी माणसे असेच करतात. पोलादी तारा पायऱ्यांवर पडला तर तारा नको म्हणा. बेतालपणाला नाही म्हणायला कोणाची हरकत आहे? 2017 मध्ये व्हेरोनाच्या अरीनावर उघडझाप होणारे छत घालायचा एक आराखडा स्पर्धेतून निवडला गेला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही आणि ते बरेच झाले. पाऊस पडला तर पडू द्या.

शिवाय 'काही करू नका, फक्त बघा' म्हणणारे एक विसरतात, की बघणे हाच आज सगळ्यांत जड वापर आहे. 2023 मध्ये कोलोसियम आणि त्याच्या परिसराला 1 कोटी 20 लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. तिथे ऑपेरा नाही, सिनेमा नाही, बैल नाही. फक्त पाय. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एक पर्यटक किल्लीने तिथल्या विटेवर स्वत:चे आणि मैत्रिणीचे नाव कोरताना दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये पकडला गेला आणि जगभर छी-थू झाली. मैफलीला आलेला माणूस चार तास एका जागी बसतो. दर्शनाला आलेला माणूस चार तास भिंतींवरून हात फिरवत हिंडतो. दगडाला विचारले तर तो कोणाला पसंती देईल?

यापुढचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला दगडांशी देणेघेणे नाही. तो म्हणतो, इथे माणसे मारली गेली, तीही करमणूक म्हणून. अशा जागी ऑपेरातली गाणी गायची? टाळ्या वाजवायच्या? याला थट्टेने उत्तर देता येत नाही. पण जागा रिकामी ठेवल्याने ते रक्त अधिक आठवते का? माझा अनुभव उलटा आहे. रिकाम्या कोलोसियममध्ये मार्गदर्शकाचा आवाज सर्वांत रंगात येतो तो सिंह आणि ग्लॅडिएटरांच्या वर्णनात, आणि ऐकणारे खूश असतात. कोलोसियमने क्रौर्याशी खरी गाठ घातली ती दुसऱ्या रीतीने : 1999 पासून जगात कुठे फाशी रद्द झाली की त्याच्या कमानी उजळवण्याचा उपक्रम सुरू झाला. गुड फ्रायडेला पोप तिथे क्रूसाच्या वाटेची प्रार्थना चालवतात, तीही 1964 मध्ये पॉल सहावे यांनी सुरू केलेली. हे दोन्ही 'वापर'च आहेत. तिथे काही होऊच द्यायचे नाही असे ठरवले असते तर फाशीविरुद्धचा तो उजेडही पडला नसता.

आणि रक्ताचा हिशेब करायचाच तर तो रोमनांवर थांबत नाही. व्हेरोनाच्या अरीनात फेब्रुवारी 1278 मध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या सुमारे 200 कॅथार पंथीयांना जिवंत जाळले. ग्लॅडिएटरांचे खेळ बंद होऊन तेव्हा आठशे वर्षे होऊन गेली होती आणि जाळणारे त्याच येशूचे नाव घेत होते ज्याच्या हुतात्म्यांसाठी आपण कोलोसियममध्ये डोके टेकवतो. युरोपातल्या कुठल्या बाजारचौकात सुळी किंवा चिता नव्हती? त्या सगळ्या चौकांत आज भाजी विकू नये का?

रक्ताबद्दल बोलताना मला माझ्याच बाजूच्या काही लोकांशी भांडावे लागते. नीम आणि आर्लमध्ये आजही बैलझुंजी होतात, त्यांत बैल मारला जातो, आणि त्यांचे समर्थक सांगतात की रोमन काळापासूनची ही परंपरा आहे, वास्तूचा हाच खरा वापर. साफ खोटे. नीममध्ये स्पॅनिश पद्धतीची झुंज आली ती 19 व्या शतकात. व्हिसिगॉथांच्या गढीत आणि सातशे जणांच्या वस्तीत कोणी मातादोर नाचत नव्हता. फ्रान्सच्या कायद्यात प्राण्यांवरच्या क्रौर्याला शिक्षा आहे. 1951 पासून तिला अपवाद आहे तो जिथे अखंड स्थानिक परंपरा सिद्ध होईल अशा ठिकाणच्या झुंजींचा. 2012 मध्ये तिथल्या संविधान परिषदेने तो अपवाद घटनेला धरून असल्याचे सांगितले, 2022 मध्ये झुंजींवर बंदी आणणारे विधेयक संसदेत मागे घेतले गेले. वकिलांना हा अपवाद जपू द्या. पण त्यासाठी त्या कमानींना साक्षीला उभे करू नका. वास्तू जुनी असल्याने आत चाललेली प्रत्येक गोष्ट जुनी होत नाही, आणि जुनी असली तरी चांगली ठरत नाही.

त्याच रिंगणांत आणखी एक खेळ चालतो, त्याबद्दल बाहेर फार कमी बोलले जाते. कामार्ग नावाच्या पाणथळ प्रदेशातले काळे, छोटे, चपळ बैल आणतात. शिंगांना दोरा, फीत, गोंडे बांधलेले. पांढऱ्या कपड्यांतले तरुण हातातल्या छोट्या आकड्याने ते काढायला धावतात आणि बैल मागे लागला की एका उडीत कठड्यापलीकडे जातात. संध्याकाळी बैल आपल्या कळपात परत. जाहिरातीच्या फलकावर बैलाचे नाव ठळक असते, माणसांची नावे त्याच्या खाली. नामांकित बैलाच्या निवृत्तीला लोक रडतात. मला कोणी विचारले तर आर्लच्या अँफिथिएटराला हाच खेळ शोभतो. तो रोमन नाही, तसा दावाही कोणी करत नाही. 1888 मध्ये व्हॅन गॉगने आर्लच्या या रिंगणाचे चित्र काढले तेव्हा त्याने कॅनव्हास माणसांनी भरून टाकला. रिंगण आणि बैल दूर, मागे. कुठे बघायचे ते त्याला बरोबर कळले होते.

उरला धंद्याचा मुद्दा. मैफलींमुळे वास्तूचा बाजार होतो, असे म्हणतात. नीमच्या अँफिथिएटरात मेटालिका, रामस्टाइन असे कर्कश रॉक बँड वाजवून गेले. मला स्वत:ला त्यातली दहा मिनिटेही झेपणार नाहीत, पण हा माझ्या कानांचा प्रश्न आहे, पुरातत्त्वाचा नाही. क्रोएशियातल्या पुलाचे अँफिथिएटर पाहा. आतल्या पायऱ्या लोकांनी शतकानुशतके नेल्या, बाहेरचे कडे मात्र संपूर्ण. तेही जायचेच होते. 1583 मध्ये व्हेनिसच्या सिनेटपुढे अशी सूचना आली की हे अख्खे उतरवून व्हेनिसला न्यावे. गाब्रिएले एमो या सिनेट सदस्याने विरोध केला आणि ते वाचले. त्याच्या नावाची कृतज्ञतेची शिळा आजही तिथल्या एका मनोऱ्यावर आहे. 1954 पासून उन्हाळ्यात तिथे चित्रपट महोत्सव होतो. युगोस्लाव्हिया गेला, क्रोएशिया आला, महोत्सव राहिला. भिंतीवर पडदा आणि समोर हजारो माणसे. 2012 मध्ये रिंगणात बर्फ गोठवून आइस हॉकीचे सामनेही झाले. हा धंदा आहे का? आहे. रोमन काळातही खेळ भरवणारा मते आणि नाव मिळवण्यासाठीच भरवत होता. फक्त तेव्हाचा प्रेक्षक फुकट आत जात होता, हा फरक खरा महत्त्वाचा, आणि आक्षेपकांनी यावर भर दिला असता तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

कारण एअरबीएनबीच्या करारात चीड आणणारी गोष्ट हीच होती. कोलोसियम वापरले जाणार होते म्हणून नव्हे, ते 16 जणांसाठी वापरले जाणार होते म्हणून. 50,000 माणसांसाठी बांधलेल्या वास्तूत 16 पाहुणे! शहराची जागा शहराला बंद आणि पाहुण्यांना खुली. हा वापर नव्हे, हे भाड्याने देणे. जी मंडळी त्यावर संतापली त्यांनी मागणी करायला हवी होती ती पाच हजार स्वस्त तिकिटांची, शाळांसाठी राखीव संध्याकाळींची, रोमकरांसाठी फुकट प्रयोगांची. त्यांनी मागितले काय, तर कुलूप. कुलपाने श्रीमंतांचे काही अडत नाही. त्यांच्यासाठी ते खाजगी भेटीला उघडतेच.

इटलीतल्या लुका गावात तर वादच संपलेला आहे. तिथल्या अँफिथिएटराच्या पायऱ्यांवर मध्ययुगात घरे चढली आणि ती तिथेच राहिली. 1830 मध्ये लोरेन्झो नोत्तोलिनी या वास्तुकाराने मधली दाटी काढून चौक मोकळा केला, बाजारासाठी. पण भोवतालची लंबवर्तुळाकार घरांची ओळ ठेवली. आज तिथे खिडकीतून वाळत घातलेले कपडे दिसतात आणि मागच्या बाजूने फिरलात तर घरांच्या भिंतीत रोमन कमानी. कोणाला हटवायचे तिथे? नीमची चूक लुकाने केली नाही, एवढेच.

आणि पॅरिस. रू मोंज हा रस्ता काढताना 1869 मध्ये ल्युतेसचे अँफिथिएटर सापडले. म्हणजे रोमन पॅरिसचे. जागा होती घोडागाड्यांच्या वाहतूक कंपनीची, तिला तिथे आगार हवे होते. बराचसा भाग गेलाच. उरलेल्यासाठी 1883 मध्ये म्हाताऱ्या व्हिक्टर ह्यूगोने नगरपरिषदेला पत्र लिहिले, परिषदेने जागा घेतली आणि 1896 मध्ये ती सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. तिकीट नाही. रिंगणात दुपारी म्हातारे लोखंडी गोळ्यांनी पेतांक खेळतात, शाळा सुटल्यावर मुले फुटबॉल आणतात, पायऱ्यांवर कोणी डबा खाते, कोणी भांडते. गोळा चुकून दगडी कठड्यावर आपटतो, तेवढे नुकसान रोजचे. माझ्या आक्षेपक मित्रांनी एकदा तिथे जाऊन त्या म्हाताऱ्यांना सांगावे, की आपण एका मृत संस्कृतीची विटंबना करत आहात, कृपया खेळ आवरा. ते काय उत्तर देतात ते ऐकायला मी पदरचे पैसे मोडून त्यांच्यासोबत येईन.